झोपायच्या वेळी घ्यायचं औषध

धाकलू लोधिवलीला आला तो मंगळवार होता. मालोजी अंगणात गाडीचं चाक उतरवून आसाला वंगण घालत बसला होता. धाकलू म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा, आनंदीचा नवरा. मुंबईला गोदीत हमाली करायचा. मालोजीची बायको जयवंता बहिणीच्या बाळंतपणाला त्याच्याच खोलीवर गेली होती. म्हणून मालोजीनं हात न पुसताच विचारलं,

"काय झालं रं? पोरगा का पोरगी?"

"पोरगी," धाकलू म्हणाला आणि ओट्यावर न बसता खालीच मातीत बसला. त्याच्या भुवया जळलेल्या होत्या. अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा तरी होता, हात आखूड पडत होते.

गेल्या शुक्रवारी दुपारी आभाळ स्वच्छ असताना लांब कुठंतरी गडगडलं होतं. घाटात सुरुंग लावले असतील, असं गावात कुणी म्हणालं. मग सडकेवरचे लॉरीवाले सांगायला लागले, मुंबईत बंदराला आग लागली, दारूगोळ्याचं जहाज फुटलं. मालोजीनं ते ऐकलं होतं. पण मुंबई मोठी, आणि लॉरीवाले एकाचे दहा करून सांगतात.

"दादा, अक्का मिळाली नाय," धाकलू म्हणाला.

"मिळाली नाय म्हंजी?"

"शुक्रवारी दुपारी रेशनचं धान आनाया गेली. पिशवी घेऊन. बंदराच्या अंगाला दुकान हाय. मंग ते झालं. आमची चाळ बी गेली. आनंदीला नि पोरीला मी उचलून आनलं. अक्काला हुडकाया परत गेलो तर त्या गल्लीत कोन जाऊ देईना."

"मंग?"

"समदी इस्पितळं बघितली. मानसं ठेवली व्हती त्या जागा बी बघितल्या. त्यात नव्हती."

"नव्हती ना?"

"नव्हती. पर दादा, तिथं वळखाया येतील अशी मानसं..."

एवढ्यात मालोजीची मुलगी कोंडी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि धाकलूनं तोंड मिटलं. तांब्या हातात घेऊन तो रडायला लागला. कोंडीनं त्याच्याकडं पाहिलं आणि तीही रडायला लागली. शेजारपाजारच्या बायका आल्या. गावाला जे कळायचं ते कळलं. मालोजीनं मात्र उठून चाक आसात घातलं, खीळ ठोकली आणि बैलांना पाणी दाखवायला घेऊन गेला. मेली, हा शब्द धाकलूच्या तोंडून आला नव्हता. मिळाली नाय, एवढंच तो म्हणाला होता.

मालोजीचा धंदा भाताच्या गाडीचा. आसपासच्या गावांतलं भात भरायचं आणि कर्जतच्या गिरणीवर नेऊन टाकायचं. रात्र सरता सरता गाडी जुंपायची, चौक गाव मागं पडून गाडी कर्जतच्या रस्त्याला लागली की कासरा दांडीला बांधायचा, मुंडासं उशाला घ्यायचं आणि पोत्यांवर आडवं व्हायचं. चांद्या आणि मोऱ्या, दोन्ही बैलांना वाट पाठ. थेट गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे. मग गिरणीचा राखण्या जुवावर काठी आपटून ओरडायचा, "उठा मालोजीराव, आलं तुमचं सासर!" गाडीवाले सगळेच गाडीवर झोपतात, पण मालोजीसारखी झोप कुणाची नव्हती. गावात चेष्टा व्हायची की याचं लगीन लावताना भटजीनं अंतरपाट धरला तेव्हाही हा उभ्यानं घोरत होता.

जयवंता त्याच्याबरोबर कर्जतला गेली की गाडीवर मागच्या बाजूला बसायची. ऊन चढलं की त्याच्या उशाचं मुंडासं हळूच ओढून घ्यायची, सोडायची, त्याच्या तोंडावर पसरायची आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून एक टोक मानेखाली खोवायची. तो जागा व्हायचा नाही.

मुंबईला निघाली तेव्हाही तो तिला गाडीतून ठेसनापर्यंत घेऊन गेला होता. ठेसनाबाहेर चिंचेखाली गाडी सोडली होती.

"येन्याचा दिवस आत्ता कसा सांगू?" ती म्हणाली. "आनंदी मोकळी झाली, न्हातीधुती झाली की निघंन. तुमी गिरनीवर आलात की दुपारच्या गाडीला इथं डोकावत जा. दिसलात तर बसंन, नाय तर चालत निघंन. वाटंला गाठ पडंलच."

"नि मी झोपलेला असलो तर?"

"असलो तर म्हंजी? असनारच की तुमी. बैल हाकत्यात नि मालक घोरतो."

"मंग उठव."

"उठवते कशाला? मुंडासं तोंडावर टाकंन नि बसंन मागं. घरी गेल्यावर कळंल तुमाला, बायको आली म्हनून."

ती हसली, आणि आगगाडी आली.

धाकलू परत गेला तेव्हापासून मालोजीची झोप गेली. रात्री दाराला कडी घालायची नाही, हे त्यानं कोंडीला सगळ्यांत आधी सांगितलं. चालत आली आणि दार बंद दिसलं तर? हाक मारली आणि कानावर आली नाही तर? तो दाराकडं तोंड करून पडायचा. कुत्रं भुंकलं की उठायचा. आणि गाडीवर तर झोप नकोच, कारण वाटेला गाठ पडायची होती. कर्जतच्या रस्त्यावर डोक्यावर बोचकं घेतलेली बाई लांबून दिसली की तो उभा राहायचा. जवळ आल्यावर ती दुसरीच कुणी निघायची.

गिरणीवर जायच्या आधी तो आता ठेसनात जायला लागला. चिंचेखाली गाडी सोडायची, दुपारची मुंबईची गाडी येईपर्यंत बसायचं, उतरलेलं शेवटचं माणूस बाहेर पडलं की मग गिरणी. हमालांच्या ते अंगवळणी पडलं. बैलांच्याही पडलं.

पावसाळ्यात गाडी बंद झाली तेव्हा तो इरलं घेऊन चालत जाऊन यायचा. सारखा नाही, जमेल तसा. भादव्यापर्यंत त्याचे हात कापायला लागले. घास तोंडाकडं नेताना सांडायचा. डोळे लाल आणि नजर कुठंतरी. बोलता बोलता शब्द विसरायचा. कोंडीनं सांगतील ते सगळं केलं. जायफळ उगाळून दिलं. खसखशीची खीर केली. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासली. वाटी काळी व्हायची, म्हणजे अंगातली कडकी उतरली असं बायका म्हणायच्या. मालोजी म्हणायचा, "लई बरं वाटलं गं," आणि पोर थकून झोपली की उठून दाराशी बसायचा. भगतानं कोंबडं घेतलं आणि सांगितलं की बाईचा जीव घरात घुटमळतो. त्यावर मालोजीला बरंच वाटलं. जीव घुटमळत असेल तर दार उघडं ठेवलं ते चुकलं नाही.

गावातली टवाळ पोरं म्हणायला लागली, "मालोजीकाका, आता गिरनीवर नको, थेट ठान्याला गाडी हाका." ठाण्याला वेड्यांचं इस्पितळ आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

दिवाळीनंतर नवं भात निघालं आणि गाडी पुन्हा सुरू झाली. एकदा भर दुपारी, लख्ख उन्हात, चौकच्या पुढं मोरीपाशी त्याला जयवंता दिसली. पाठमोरी, पिशवी घेऊन चालली होती. त्यानं बैल तिच्याकडं वळवले. तिथं कुणी नव्हतं, ओढा होता. गाडीचं एक चाक मोरीवरून खाली गेलं, पोती घरंगळली आणि चांद्याचा पुढचा पाय सोलून निघाला. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांनी गाडी वर काढली. त्यांनीच कोंडीला सांगितलं, "पोरी, बापाला आवर. पुढच्या टायमाला चाक मानसावरनं जाईल."

कोंडीनं दुसऱ्या दिवशी बापाला धरून कर्जतला डॉक्टर चौबळांकडं नेलं.

डॉक्टर चौबळ म्हातारे होते आणि कमी बोलायचे. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. हात पुढं करायला सांगितले आणि त्यांचं कापणं बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, चहा किती, तंबाखू किती, दिवसा डोळा लागतो का, आडवं झाल्यावर काय मनात येतं.

"काय नाय येत," मालोजी म्हणाला.

"झोप लागत नाही, की झोपायचं नाही?"

कोंडीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. दार सांगितलं, ठेसन सांगितलं, मोरी सांगितली. डॉक्टरांनी मध्ये एकदाही तिला तोडलं नाही.

"हे बघ मालोजी," ते शेवटी म्हणाले, "माणूस उपास करून जितका तगेल तितकासुद्धा झोपेवाचून तगत नाही. असाच राहिलास तर एक दिवस तुझ्या गाडीखाली कुणीतरी येईल, नाहीतर तूच पडशील. या मुलीला मग कोण? लढाईमुळं चांगलं औषध मिळत नाही, पण हे आहे ते लागू पडतं. झोपायच्या वेळी एक डोस घ्यायचा. रोज वेळ एकच. चहा बंद. आणि दाराला कडी लावायची."

"कडी?"

"कडी. औषधानं झोप येईल, पण कान दाराशी ठेवलास तर ती टिकणार नाही."

बाहेर मुनाफ कंपाउंडरनं बाटली भरली, कागदाची पट्टी कातरून तिला खाचे पाडले आणि बाटलीवर चिकटवली. "एक खाचा, एक डोस. हलवून घ्यायचं."

"कडू हाय का?" मालोजीनं विचारलं.

"छे रं मालोजीभाय! गोड हाय. साखरपानी. पोरं मागून घेत्यात."

मालोजीनं तिथंच बूच काढून जिभेला लावून बघितलं. मीठ आणि गंज एकत्र केल्यासारखी चव होती. त्यानं मुनाफकडं पाहिलं. मुनाफ हसला. "सगळ्यांना असंच सांगतो बाबा. नाय तर पितंय कोन?"

घरी गेल्यावर मालोजीनं औषध घेतलं नाही. बाटली कोनाड्यात ठेवली. कोंडी रोज विचारायची, तो रोज उद्या म्हणायचा. एकदा ती कोनाड्यासमोर उभी राहून म्हणाली, "आबा, आई नाय ऱ्हायली. तुमी बी नाय ऱ्हायलात तर मी कुनाच्या दारात बसू?" ती ओरडली नव्हती, रडलीही नव्हती. तशी बोलली म्हणूनच त्याला ते लागलं.

मग तो विचार करायला लागला. घरात झोपलं तर हाक ऐकू येणार नाही, हे खरं. पण गाडीवर? गाडीवर तो झोपलेला असला तरी गाडी जागीच असते. जयवंता वाटेनं चालत येत असली तर गाडी तिला दिसणार. बैलांच्या घुंगरांचा आवाज तिच्या ओळखीचा. मुंडासं तोंडावर टाकून ती मागं बसणार, तसंच म्हणाली होती. म्हणजे झोपायला धोका नाही अशी एवढी एकच जागा होती. आणि डॉक्टर काय म्हणाले? झोपायच्या वेळी घ्यायचं. मालोजीची झोपायची वेळ जन्मभर तीच होती, चौक मागं पडल्यावरची.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाटली कमरेला खोचली. गाडी भरली. चौक मागं पडलं, ऊन वर आलं. त्यानं एक खाचा औषध घेतलं, कासरा दांडीला बांधला, मुंडासं काढून उशाला घेतलं आणि पोत्यांवर आडवा झाला. काही झालं नाही म्हणून आणखी एक खाचा घेतलं. घुंगरं वाजत होती. मोऱ्याचं घुंगरू फुटकं होतं, ते वेगळं वाजायचं. तेवढं त्याला आठवतं.

जाग आली तेव्हा तोंडावर कापड होतं. कापडातून उजेड पिवळा दिसत होता. अंग इतकं हलकं वाटत होतं की आपण कोण, कुठं, हे आठवायची घाईच वाटली नाही. मग त्यानं कापड बाजूला केलं. वर चिंच होती. गाडी गिरणीवर नव्हती, ठेसनाबाहेर होती. बैल जुवाखाली उभे होते आणि त्यांच्यापुढं कुणीतरी पेंढा टाकलेला होता. ऊन पार कलंडलं होतं. ठेसनाचं आवार रिकामं होतं.

मुंडासं पूर्ण सोडलेलं होतं आणि त्याचं एक टोक मानेखाली खोवलेलं होतं.

तो गाडीवरून उतरला तो धडपडतच. जैतू हमाल पायरीवर बिडी ओढत बसला होता.

"जैतू, दुपारची गाडी?"

"आली नि गेली. कवाच. आज काय रं, कुंभकरन झालास? मी दोनदा हाका मारल्या. बैल आले आपल्या पायानं नि मालक मुडदा! मी म्हनलं, सा-सात महिन्यांची थकबाकी वसूल करतोय, करू दे."

"उतरलं कोन?"

"मानसं उतरली."

"बाया?"

"व्हत्या की दोन-चार."

"एकटी? पिशवी घेतलेली?"

जैतूनं बिडी विझवली. "हे बघ मालोजी, मी वझी उचलतो, तोंडं बघत नाय."

"माझ्या गाडीपाशी कोन बाई आली व्हती का?"

"एक बाई थांबली व्हती वाटतं. सावलीला. बाजारकरीन असंल."

"कुठं गेली?"

"आता ते मी कसं सांगू, बाबा? रस्त्यानं गेली."

मालोजीनं गाडी तशीच रस्त्याला घातली. भात उतरवलं नाही. चौकच्या रस्त्यावर भेटेल त्याला विचारत गेला, पिशवी घेतलेली बाई दिसली का. कुणाला दिसल्या होत्या, कुणाला नव्हत्या. बायका रस्त्यानं जातातच. घरी आला तेव्हा कोंडी दाराशी होती, एकटी. तिनं पाहिलं, बापाचे हात कापत नव्हते. डोळ्यांतला लालपणा गेला होता. भाकरी वाढली ती त्यानं एका हातानं नीट मोडून खाल्ली, सांडली नाही. पोरीनं देवाला हात जोडले. औषध लागू पडलं होतं. महिन्यांमागून महिने गेल्यावर बापाला झोप लागली होती.

"आबा, झोपलात ना?"

"झोपलो," मालोजी म्हणाला. "झोपलो म्हनूनच चुकामूक झाली."

तो कोंडीला घेऊन डॉक्टरांकडं गेला, आणि यावेळी तो आपणहून गेला. डॉक्टरांनी हात बघितले आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बरं वाटल्याची खूण दिसली.

"झोपलास म्हणायचा. कधी घेतलंस औषध?"

"झोपायच्या वेळंला. गाडीवर."

"गाडीवर? दिवसा?" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अरे, झोपायची वेळ म्हणजे रात्र! बैल बुजले असते तर?"

"माजी बैलं बुजत नायत. माजी झोपायची वेळ तीच हाय, डाक्टर. तुमी इचारलं नाय, मी सांगितलं नाय." त्यानं कमरेची बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्यात दोनच खाचे कमी होते. "हे परत घ्या. औषध चांगलं हाय. त्याचा दोष नाय. पर मी झोपलो नि ती येऊन गेली. मुंडासं तोंडावर टाकून गेली. मागं बसायची, तर बैल हालंनात, मी उठंना. वाट बघून गेली असंल."

डॉक्टरांना काही समजेना. पण आतून मुनाफ हातातला खल घेऊनच बाहेर आला.

"कुठं? चिंचंखाली? अरे मालोजीभाय, ते मी टाकलं! मी ठेसनावर पार्सल आनाया गेलो व्हतो. बघतो तर तू उन्हात तोंड करून पडलेला. सावली सरकली व्हती. माश्या बसत व्हत्या तोंडावर. मीच मुंडासं सोडलं, तोंडावर टाकलं. वारा व्हता म्हनून टोक खाली खोवलं. बैलांना पेंढा बी मीच टाकला, जैतूकडनं घेऊन."

मालोजीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग तो हसला. कोंडीनं नंतर धाकलूला सांगितलं की बापाला हसताना तिनं त्या दिवशी कितीतरी काळानं पाहिलं, आणि त्यापेक्षा तो रडला असता तर बरं झालं असतं.

"गोड हाय, साखरपानी," मालोजी म्हणाला. "असंच म्हनाला व्हतास ना?"

"अल्लाची शपथ, मालोजीभाय..."

"तू चांगला मानूस हायस, मुनाफ. मी प्यावं म्हनून बोलतोस. कळतंय मला."

मुनाफनं खल टेबलावर ठेवला. जैतूला बोलावून आणतो म्हणाला, पेंढ्याचं तो सांगेल म्हणाला. डॉक्टरांनी त्याला हातानं गप्प केलं. जैतू आला असता तरी त्यालाही यांनीच शिकवून आणला, असं मालोजी म्हणाला असता.

डॉक्टरांनी टेबलावरची बाटली आपल्याकडं ओढली. मग ते कोंडीशी बोलले, मालोजीशी नाही. "याला झोप येते, हे कळलं. शरीरात बिघाड नाही. औषधानं मी याचे डोळे मिटवू शकतो, वाट बघणं नाही मिटवू शकत. आणि ते मिटत नाही तोवर हा औषध घेणार नाही. तुमच्यात, माणूस गेलं आणि हाती लागलं नाही, तर काय करतात?"

"पळसाच्या पानांचा पुतळा करत्यात," कोंडी म्हणाली. "त्याला अग्नी देत्यात. मंग दहावं, बारावं."

"ते करा. मग याला माझ्याकडं आण. बाटली मी ठेवून देतो."

जाताना त्यांनी कोंडीला थांबवलं आणि तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढली. "तू किती झोपतेस?"

डॉक्टरांनी विचारलं म्हणून मालोजीनं तेव्हा पहिल्यांदा पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मोरीवरून गाडी गेली तेव्हापासून तीही रात्री बापावर नजर ठेवून जागत होती. तो उठून कुठं जाऊ नये म्हणून.

घरी आल्यावर कोंडीनं बापाशी सौदा केला. दाराशी मी बसते, तुमी आत पडा. आई आली तर तुमाला उठवते. काही दिवस मालोजी आत पडला. डोळा लागतोय असं वाटलं की विचारायचा, "कोंडे, जागी हायस ना?" ती म्हणायची, "हाय." असं करत दोघंही जागी राहायला लागली. पुढं शेतावर पेंढ्या बांधता बांधता कोंडीला घेरी आली आणि विळ्यानं तिचं बोट चिरलं. तेव्हा गावानं मुंबईला धाकलूला निरोप धाडला.

धाकलू माघात आला, पळसाची पानं गळायच्या आत. पानं त्यानं स्वतः रानातून तोडून आणली. चौकहून भटजी आणले. मालोजी नाही म्हणाला नाही. पोरीच्या बोटाला बांधलेल्या फडक्याकडं बघून म्हणाला, "करा काय ते." आंघोळ केली, उघड्या अंगानं सगळ्यांबरोबर पाताळगंगेच्या काठी गेला. भटजींनी दर्भ अंथरले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि पळसाची पानं मांडायला घेतली. हात झाले, पाय झाले. मालोजी बघत होता. जयवंता अंगानं भरलेली होती, पानं कमी पडतील असं तो पुटपुटला. धाकलूनं आणखी पानं पुढं सरकवली.

"तिथी कोणती धरायची?" भटजींनी विचारलं.

"स्फोट झाला तो शुक्रवार," धाकलू म्हणाला.

"त्याच दिवशी गेल्या, हे नक्की? कुणी पाहिलं?"

धाकलूनं मान हलवली. पाहिलं कुणीच नव्हतं.

"मग कळलं तो दिवस धरतात. शास्त्रात तसं आहे. कधी कळलं?"

"त्याच्या पुढचा मंगळवार. मीच सांगितलं येऊन."

"यजमानांनी सांगायला हवं," भटजी म्हणाले आणि मालोजीकडं वळले. "सांगा. तुम्हांला कधी कळलं?"

मालोजीनं पानांकडं पाहिलं, धाकलूकडं पाहिलं.

"मला अजून कळलं नाय," तो म्हणाला.

त्यानं धाकलूकडं बोट केलं.

"हा म्हनाला मिळाली नाय. गेली असं हा कवा म्हनाला? इचारा त्याला."

"दादा, मी त्या दिवशी नीट बोललो असतो तर..." धाकलू म्हणाला.

"मंग आता बोल. तू व्हतास तिथं. गेली का ती? बघितलीस?"

धाकलूनं तोंड उघडलं. नारळावर हात ठेवून खोटं बोलणं त्याला जमलं नाही आणि खरं काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो तोंड झाकून पाण्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

तेव्हा कोंडी पुढं आली. तिनं बापाचे दोन्ही हात धरले. ते पुन्हा कापत होते. ती म्हणाली, "आबा, आई मेली."

इतक्या महिन्यांत मेली हा शब्द त्याला कुणी सरळ ऐकवला नव्हता. मालोजीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुजी झोप झाली नाय, पोरी," तो म्हणाला. "घरी चल."

यजमान उठल्यावर भटजी काय करणार? त्यांनी नारळ उचलला, दर्भ नदीत सोडले आणि पानं गोळा करून धाकलूच्या हाती दिली. वाळली तरी चालतात, म्हणाले, जपून ठेवा. धाकलूनं ती पेंडी बांधून घरी माळ्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला. कोंडीला चार दिवस झोपायला बरोबर नेतो म्हणाला. ती गेली नाही. आबाला एकट्याला कोणाच्या भरवशावर सोडू, म्हणाली.

बाटली कर्जतला डॉक्टर चौबळांच्या कपाटात आहे. मालोजी तिकडं जात नाही. त्याची गाडी रोज दुपारी चिंचेखाली उभी असते, बैल डोळे मिटून रवंथ करतात आणि तो कासरा हातात घेऊन जागा बसतो. पानं माळ्यावर वाळली आहेत. विधी व्हायचा राहिला आहे, आणि दाराला कडी लावायची राहिली आहे.